आतोबांची साफ बाजू

आमच्या आतोबांइतका स्वच्छ माणूस पुण्यात दुसरा झाला नाही, आणि ते एका परीने बरंच झालं, कारण असे दोघं असते तर त्यांनी एकमेकांना घरात घेतलं नसतं. आतोबा म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्याचे यजमान. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्त होता होता स्टेशनच्या पलीकडे एक छोटं बैठं घर बांधलं. लग्न झाल्यावर श्रीकांत आणि मी त्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला गेलो, त्यामुळे हा माणूस मला रोज आणि अगदी जवळून पाहायला मिळाला. जवळून म्हणजे त्यांनी जेवढं जवळ येऊ दिलं तेवढं.

सगळ्याचं मूळ कारखान्यात होतं. स्फोटकं भरायच्या विभागात ते सुपरवायझर होते. तिथे म्हणे चपलेला चिकटून वाळूचा एक कण आत आला तरी भडका उडायची भीती. म्हणून त्या इमारतीच्या दाराशी जमिनीवर एक लाल रंगाची आडवी फळी बसवलेली असे. फळीच्या अलीकडे घाण बाजू, पलीकडे साफ बाजू. कामगाराने अलीकडच्या बाकावर बसायचं, बाहेरचे बूट काढायचे, पाय जमिनीला न टेकवता फळीवरून पलीकडे फिरवायचे आणि तिथे ठेवलेले मऊ जोडे पायात सरकवायचे. अंगात बिनखिशाचा, नाडीने बांधायचा अंगरखा. बटण नाही, पिन नाही, काडेपेटी तर नाहीच. आतोबांच्या देखरेखीखाली त्या विभागात कधी ठिणगीसुद्धा उडाली नाही. याचा त्यांना फार अभिमान होता आणि तो अभिमान बरोबर घेऊनच ते घरी आले. घर बांधताना लोक गवंड्याला देवघर कुठे हवं ते आधी सांगतात. आतोबांनी आधी फळी कुठे हवी ते सांगितलं.

तर आमच्या घराच्या दारात आल्या आल्या एक बाक आणि वीतभर उंचीची लाल फळी होती. आलेल्या प्रत्येकाला बाकावर बसून, पाय उचलून, बसल्या जागी गर्रकन फिरून पलीकडचे जोडे घालावे लागत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला पैठण्या नेसलेल्या बायका एकामागून एक बाकावर बसून पाय हवेत फिरवताहेत आणि आतोबा बाजूला उभे राहून शांतपणे सूचना देताहेत, हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटणार नाही. श्रीकांतचे बँकेतले साहेब एकदा घरी आले. देह भारदस्त. त्यांचा एक पाय फळीपलीकडे गेला, दुसरा येईना. साहेब ना घरात ना बाहेर अशा अवस्थेत घाम पुसत बसले. आतोबा अदबीने म्हणाले, "घाई नाही. गुडघ्यातून दुमडा. आमच्याकडे निवृत्तीला आलेली माणसंसुद्धा करायची." साहेबांनी चहा बाकावरच घेतला आणि पुन्हा कधी आले नाहीत. श्रीकांतचं प्रमोशन त्या वर्षी झालं नाही, त्याला हेच कारण होतं असं तो अजूनही मानतो.

यात सोवळ्याओवळ्याचा काही संबंध नव्हता, हे मात्र सांगायला हवं. आतोबांच्या लेखी बाहेरून आलेला प्रत्येक माणूस घाण बाजूचा. सत्यनारायण सांगायला आलेले गुरुजीही पोथी छातीशी धरून बाकावरून फिरले होते. उलट शेजारी राहणाऱ्या एका मुसलमान शिंप्याबद्दल आतोबांना अतोनात आदर होता. गल्ली त्यांना मास्टर म्हणे. दिवसातून पाच वेळा कोपरापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय धुणारा माणूस, आणि तोही कुणी न सांगता, हे पाहून आतोबांचा जीव हरखून जाई. घरात घालायचे बिनखिशाचे अंगरखे ते मास्टरांकडूनच शिवून घेत. जन्म गेला शिवण्यात, पण खिसा नको म्हणून भांडणारं हे पहिलंच गिऱ्हाईक, असं मास्टर सगळ्यांना सांगत.

भाजी आणायला आतोबा थेट मंडईत जात. खडकीत भाजी मिळत नव्हती असं नाही, पण ती कुठल्या पाण्यावर वाढते हे त्यांनी एकदा स्वतः जाऊन पाहिलं होतं. मंडईतली कुठल्या पाण्यावर वाढते हे पाहिलेलं नसल्यामुळे ती त्यांना त्यातल्या त्यात बरी वाटे. बसमध्ये आधी सीटवर घरून आणलेलं फडकं अंथरायचं, मग बसायचं, उतरताना ते बाहेरची बाजू आत येईल अशी घडी घालून पिशवीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचं. मंडईत त्यांची एक ठरलेली भाजीवाली होती. तिला ते दर खेपेला विचारत, "मेथी कशाने धुतली?"

"गटाराच्या पाण्यानं, काका. तुम्ही येणार म्हणून मुद्दाम," ती मान वर न करता सांगे.

पुण्याच्या माणसाला असं उत्तर मिळालं की समोरचा माणूस खरा वाटतो. आतोबा खूश होऊन दोन जुड्या जास्त घेत. घरी आल्यावर ती भाजी पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात बुडवली जाई. आमच्याकडचा फ्लॉवर कायम किंचित जांभळा असे आणि कोबी लाजल्यासारखा दिसे. माझ्या माहेरची माणसं पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा आईने मला बाजूला घेऊन विचारलं की या घरात सगळ्यात बीट घालायची पद्धत आहे का.

रोजचा पेपर आधी अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून उन्हात टांगला जाई. पेपरवाला तो कुठे कुठे टेकवतो याचा आतोबांनी सायकलवरून पाठलाग करून शोध घेतला होता. त्यामुळे जगात काय चाललंय ते त्यांना इतरांपेक्षा अर्धा दिवस उशिरा कळे आणि पावसाळ्यात बरेचदा कळतच नसे. लग्नाला जाताना पाणी प्यायचं भांडं ते घरून नेत. देवळात तीर्थ हातावर घेत, डोळ्यांना लावल्यासारखं करत आणि बाहेर येऊन तुळशीला घालत. तुळशीला काही होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आत्या या सगळ्यात कशी राहिली असेल, असं लोक मला विचारत. आत्या मजेत होती. नवऱ्याला घरातला केर काढायला, भांडी विसळायला, मोरी घासायला सांगावं लागत नाही, उलट थांबवावं लागतं, हे सुख तिच्या पिढीतल्या कुणाला मिळालं होतं? ती झोपाळ्यावर बसून वाती वळी आणि आतोबांनी जाळी पुसली की म्हणे, "वरचा कोपरा राहिला." आतोबा पुन्हा स्टुलावर चढत.

मग आमची मनू झाली. आतोबा-आत्याला मूलबाळ नव्हतं. ती घरात आली आणि आतोबांनी जणू पुन्हा नोकरीला लागल्यासारखा ताबा घेतला. मी शाळेत शिकवत होते. रजा संपल्यावर मनूला कुणाकडे ठेवायचं याची काळजी करत होते, तोवर आतोबांनी वेळापत्रक आखून भिंतीला लावलंसुद्धा होतं. तिची खेळणी उन्हात पडत. तिच्या दुधाची बाटली एवढा वेळ उकळत ठेवत की रबरी बूच मऊ होऊन जाई. तिला पाहायला येणाऱ्यांना बाकावरून फिरल्यानंतरही दोन हात लांब बसवत. आणि सगळ्यात नवल म्हणजे तिचे लंगोट ते स्वतः बदलत. त्या काळी पुरुषमाणूस बाळाची शी काढतो हे ऐकून बायका मुद्दाम पाहायला येत. माझ्या सासूबाई गावाहून आल्या तेव्हा त्यांनी हे पाहिलं आणि दिवसभर सासऱ्यांशी बोलल्या नाहीत.

पण या इतक्या चोख कारभारात एक भोक होतं, आणि ते आमच्यापैकी कुणालाच दिसत नव्हतं. आतोबांच्या हिशेबी घाण बाहेरून येते. मनू दवाखान्यातून दुपट्यात गुंडाळून आली, फळीवरून अलगद आत घेतली गेली, आणि लसी टोचायला नेलं तेवढं सोडलं तर ती सदा फळीच्या आतच. म्हणजे ती साफ बाजूची. मग तिचं जे काही असेल तेही साफ. लंगोट बदलला की आतोबा खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत, फडकंही उन्हात वाळवलेलं, आणि त्याच हातांनी तिचं केळं कुस्करायला घेत. मऊ भाताचं खिमट कालवून बोटाने तिच्या जिभेवर ठेवत. लंगोट धुवायचे ते स्वयंपाकघराच्या मोरीत, जिथे ताटं-वाट्या विसळल्या जात, कारण अंगणातला नळ पडला घाण बाजूला. मी एकदा म्हटलं, आतोबा, हात धुऊन घ्या ना. ते हसले. "अगं, तान्ह्या बाळाचं ते. दुधावरचं. त्यात कसली घाण?" आत्याही हेच म्हणाली. माझी आईही हेच म्हणाली असती. गल्लीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी दुसरं उत्तर मिळालं नसतं, म्हणून मीही ते धरून बसले नाही.

मनू रांगायला लागली आणि उन्हाळ्याची सुट्टी संपता संपता तिला जुलाब सुरू झाले. पहिल्यांदा कुणी घाबरलं नाही. दात येताहेत, दात येताना पोट बिघडतंच, असं सगळे म्हणाले आणि तिच्या हिरड्या चाचपून दाताची वाट पाहत बसले. दात काही दिसेना, जुलाब मात्र थांबेनात. आतोबांनी चौकशी सुरू केली. कारखान्यात अपघात झाला की करत तशी, एकेकाला समोर बसवून. दूधवाल्याला विचारलं, बाटल्या कुठे टेकवतोस. मला विचारलं, शाळेतून आल्यावर साडी बदललीस का. श्रीकांतला विचारलं, नोटा मोजताना थुंकी लावतोस का. आत्याला विचारलं की हळदीकुंकवाला आलेली एक बाई शिंकली होती ती कोण. सगळ्यांची चौकशी झाली. एक माणूस राहिला, पण चौकशी करणारा तोच होता.

त्यातच आत्याने पाणी बंद करायला सांगितलं. आत पाणी गेलं की बाहेर पाणीच येणार, पोटाला जरा कोरडं राहू दे, असं तिचं म्हणणं. तिच्या आईने तिच्या भावंडांना असंच वाढवलं होतं. आणि ते ऐकायला अगदी बरोबर वाटतं, हीच त्यातली गोम आहे. मनूने तोंड उघडलं की आम्ही ओला बोळा तिच्या ओठांना लावायचो आणि काढून घ्यायचो. एका सकाळी मी तिला उचललं तर ती माझ्या खांद्यावर ओल्या टॉवेलसारखी पडली. डोळे आत गेले होते. टाळूला खळगा पडला होता. ती रडत होती, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं आणि आवाजही मांजराच्या पिलाएवढा. मी शाळेला कळवलं नाही, वेणी घातली नाही, तशीच तिला घेऊन बाहेर पडले. मागून श्रीकांत आणि आतोबा. मास्टरांनी मशिन सोडून धावत जाऊन रिक्षा आणली होती.

डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या, लहान मुलांच्या. कमी बोलणाऱ्या. त्यांनी मनूच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही.  बाईंनी लगेच एका भांड्यात कसलीशी पूड कालवली आणि चमच्याने पाजायला सुरुवात केली. मनूने चमचा चोखून ओढला. पाणी बंद केलं होतं हे ऐकून त्यांनी आमच्याकडे एकदाच वर पाहिलं. म्हणाल्या, अंगातलं पाणी चाललंय आणि तुम्ही नळही बंद केलात. ही पाकिटं न्या, उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक अख्खं पाकीट, चमचा चमचा सारखं देत राहा, उलटी झाली तर जरा थांबून पुन्हा द्या, अंगावरचं दूध थांबवू नका. संध्याकाळपर्यंत लघवी झाली पाहिजे. नाही झाली, किंवा मूल घेईनासं झालं, झोपाळलं, तर एक क्षण न दवडता घेऊन या, सलाईन लावावं लागेल.

मग त्यांनी विचारलं, "हिची शी कोण काढतं?"

"मी," आतोबा पुढे झाले. आवाजात थोडा अभिमान होता, सवयीचा.

"आणि भरवतं कोण?"

"तेही मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

"मधे हात कशाने धुता?"

आतोबांना प्रश्न कळला नाही. त्यांनी बाईंना फळी समजावून सांगितली. घाण बाजू, साफ बाजू, मूल कसं बाहेर जातच नाही, आणि घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूची काय व्यवस्था आहे ते. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मला वाटतं त्यांनाही ती व्यवस्था आवडली असावी, कारण पुढचं त्या बऱ्याच मऊपणे बोलल्या.

"काका, तुमच्या कारखान्यात घाण बाहेरूनच येत असेल. घरात ती आतही तयार होते. मोठ्या माणसाच्या शीमध्ये जे असतं ते बाळाच्या शीमध्येही असतं, आजारी बाळाच्या तर जास्तच. तुमच्या हाताला लागलं, हातावरून केळ्याला, केळ्यावरून परत तिच्या पोटात. दर वेळी साबण लावून हात धुवायचे. एवढं एकच राहिलंय तुमचं."

 रिक्षात आतोबा कडेला बसले आणि दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांच्या मधे धरून ठेवले होते, कुठे लागू नयेत असे.

मला त्यांचा राग आला होता का? आला होता. घरी पोचेपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण राग करायलाही सवड लागते, आणि मला मनूच्या ओठांपलीकडे काही दिसत नव्हतं. दारात आल्यावर आम्ही दोघं बाक न बघता, चपला कुठे पडल्या ते न बघता, फळी ओलांडून आत धावलो. आतोबा मात्र बाकाशी थांबले. आत्याने आत बोलावलं तर म्हणाले, मी इथेच बरा. आणि स्वतःच्या घराच्या घाण बाजूला, बाकाच्या टोकाशी बसून राहिले.

आत श्रीकांत पाणी मोजत होता आणि घरातल्या एकाही भांड्याला एक लिटर म्हणजे किती ते माहीत नव्हतं. हा तांब्या लहान, ते पातेलं मोठं, आत्याचं माप शेराचं. तो बिचारा अंदाजाने ओतणार एवढ्यात बाहेरून आवाज आला. "अंदाज नको. दुधाच्या दोन बाटल्या घे. अर्ध्या अर्ध्या लिटरच्या. दूध येतं त्या रेघेपर्यंत भर, काठोकाठ नको. आणि आधी हात धू." तेव्हा सरकारी दूध काचेच्या बाटल्यांतून यायचं. श्रीकांतने बाटल्या उकळल्या, पाणी मोजलं, पाकीट फोडलं. आम्ही तिघांनी कोपरापर्यंत साबण लावला. आत्यानेसुद्धा.

मग ती दुपार सुरू झाली. मी मनूला मांडीवर घेऊन बसले आणि चमचा चमचा देत राहिले. एकदा तिने सगळं ओकून टाकलं. जरा थांबून पुन्हा सुरू केलं. अधूनमधून ती छातीला लागे, दोन घोट घेई, दमून सोडून देई. बाहेरून थोड्या थोड्या वेळाने विचारणा होई. "घेतलं का?" श्रीकांत इथून ओरडून सांगे, घेतलं. "राहिलं का पोटात?" राहिलं. पाणी संपत आलं की, नवीन करताना जुनं त्यात मिसळू नका, अशी बाहेरूनच सूचना. त्यांनी दिवसभर काही खाल्लं नाही. आत्याने ताट नेऊन बाकावर ठेवलं ते तसंच राहिलं. उन्हं अंगणातून भिंतीवर चढायला लागली. लंगोट कोरडा होता. मी तो सारखा चाचपून पाहत होते आणि दर वेळी तो कोरडाच होता.

आणि मग मांडीवर काहीतरी गरम झालं. आधी मला वाटलं पुन्हा जुलाबच. मी लंगोट सोडला. जुलाब नव्हता. मनूने सू केली होती. थोडीथोडकी नाही, माझ्या साडीवरून, चटईवरून, आतोबा रोज दोनदा पुसत त्या फरशीवरून ओघळ निघाला होता. मी ओरडले की हसले की रडले ते आता आठवत नाही. आत्या खालीच बसली आणि पदरात तोंड घालून हुंदके द्यायला लागली. श्रीकांत अनवाणी फळी ओलांडून अंगणात धावला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने सांगितलं की सू झाली. मास्टरांचं मशिन थांबलं. त्यांनी खिडकीतून डोकं काढून पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली आणि आकाशाकडे बघून हात तोंडावरून फिरवले. एवढ्याशा पाण्यासाठी एवढा आनंद मी त्यानंतर कधी पाहिला नाही. मनूच्या डोळ्यांत थोड्या वेळाने पाणी आलं आणि ती मोठ्याने भोकाड पसरून रडली. आम्ही सगळे तिच्याभोवती बसून तिचं रडणं कौतुकाने ऐकत होतो. दिवसभराचं माझ्या छातीवरचं दडपण असं उतरलं की मला एकदम सपाटून भूक लागली, आणि मी गार झालेली आमटी वाटीने प्यायले.

आतोबा आत आले नाहीत. सू झाल्याचं कळल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले, एवढंच श्रीकांतने सांगितलं. दिवे लागले तरी ते बाकावरच. मनू आता चांगली टकामका बघत होती, आणि तिला आतोबा हवे होते. संध्याकाळी त्यांच्याच खांद्यावर ती घरभर फिरायची. ती दाराकडे हात करून कुरकुरायला लागली. माझ्या मनात अजून राग उरला असेल तर तो तेव्हा शोधूनही सापडला नसता. मी तिला घेऊन बाहेर गेले आणि त्यांच्याशेजारी बाकावर बसले. मनू त्यांच्या अंगावर झेपावली. आतोबांनी अंग मागे घेतलं.

"नको," ते म्हणाले. "माझ्याच हातानं झालं गं सगळं."

मी म्हटलं, "मग तेच हात धुऊन या. ती खोळंबलीय."

ते उठले. अंगणातल्या नळावर गेले. साबण लावला, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, कोपरापर्यंत, धुतला, पुन्हा लावला. मनू आता रडकुंडीला आली होती आणि त्यांचं धुणं संपत नव्हतं. शेवटी ते आले आणि दोन्ही ओले हात पालथे-उताणे करून माझ्यासमोर धरून उभे राहिले. वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस. म्हणाले, "बघ गं, झाले का?"

मी झाले म्हटलं आणि मनूला त्यांच्या हातांत दिलं.

पुढे फळी तिथेच राहिली, आणखी एक फळी मोरीच्या दाराशी बसली, दोन्हीकडे साबणाच्या वड्या आल्या, आणि गल्लीत कुणाला मूल झालं की आतोबा पेढ्यांआधी साबण घेऊन पोचू लागले. लोक हसले, आणि हसत हसत हात धुवायला लागले. मनू मोठी झाली, शाळेत गेली, तिला धाकटा भाऊ झाला. पण मुलांना उचलण्याआधी, भरवण्याआधी, आतोबांनी ते विचारणं कधी सोडलं नाही. मी गडबडीत असले, कणीक मळत असले, वह्या तपासत असले तरी समोर येऊन हात पुढे करायचे, बघ गं, झाले का. मी झाले म्हणायची. आता त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचे हात मी एकदाही नीट पाहिले नव्हते, त्यांच्या तोंडाकडे बघूनच झाले म्हणत होते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. अशी तपासणी त्यांना चालली नसती.